कातळातली खडीसाखर

सह्याद्री म्हणजे काळा कातळ, आणि एक कातळ पाहिला की सारे पाहिले, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. कसाऱ्याच्या घाटात जो पायउतार होईल त्याचा हा समज फार वेळ टिकणार नाही. मी गेलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता आणि दरड धुऊन स्वच्छ झाली होती. बहुतेक कातळ इतका बारीक पोताचा, की त्यातले कण डोळ्यांना दिसू नयेत. पण एका थरात मात्र बोटाच्या पेराएवढ्या पांढुरक्या पट्ट्याच पट्ट्या! कुठे एकेकट्या, कुठे चांदणीसारख्या एकमेकींत अडकलेल्या.

हे फेल्डस्पारचे स्फटिक. मौज अशी, की शेजारच्या बारीक कातळातही हेच खनिज असते. मग हा थोर आणि तो धाकटा का?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. साखरेचा पाक दोऱ्यावर सावकाश निवू दिला तर खडीसाखर होते. भराभर घोटला तर पिठूळ साखर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भुईवर पसरलेला लाव्हा लवकर निवला, म्हणून बारीक राहिला. हे मोठे स्फटिक मात्र आधीच भूगर्भात वाढले होते. शिलारसाबरोबर ते वर आले. तोच रस सगळाच्या सगळा खोलवर निवता, तर गॅब्रो नावाचा भरड खडक झाला असता.

पण वेळ म्हणजेच सर्वस्व नव्हे. पाकात लिंबू पिळले की साखर धरत नाही, हे गृहिणी जाणतात. शिलारसातही घटकांचा गुण असतोच. सिलिका फार असली तर रस इतका चिकट होतो, की स्फटिक वाढणेच कठीण. पुष्कळदा त्याची काच होते. ऑलिव्हीन जड, ते तळाशी बसते. हा फेल्डस्पार जवळजवळ रसाइतक्याच वजनाचा, तो तरंगत वाढत राहतो.

भूवैज्ञानिकांनी अशा थरांना थळघाट, मंचर, गिरवली, कशेळे अशी आपल्याच गावाघाटांची नावे दिली आहेत. स्फटिकाच्या लांबीवरून रस खाली किती काळ थांबला, याचा हिशेब ते मांडतात. वाढीचा वेग किती धरावा, यावर उत्तर बदलते. हा हिशेब साधा नव्हे. डायनोसॉर नाहीसे झाले तो हाच काळ. लाव्हा भराभर ओतला गेला की थांबून थांबून, यावर त्या वेळच्या हवेचे काय झाले असेल हे अवलंबून आहे.

रस्ता रुंद होतो तेव्हा अशा दरडीचीही खडी होते. त्याआधी, वाचकहो, एकदा थांबून ती पाहून घ्या.