दळणाच्या रांगेत

मला लिहायला आवडत नाही. बोलायला आवडतं, ऐकायला त्याहून जास्त. पण कोरा कागद पुढे आला की आधी कपाट आवरावंसं वाटतं, मग नखं कापावीशी वाटतात, मग चहा. तरी गणपती उठले की कुणी ना कुणी दिवाळी अंकासाठी लेख मागतंच. वर म्हणतं, ‘काहीही चालेल.’ ‘काहीही’इतका अवघड विषय दुसरा नसेल. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर भाद्रपदात महाराष्ट्रातली किती कपाटं लखलखीत झाली असतील कोण जाणे.

अशा वेळी जाणकार सांगतात, स्वतःच्या आत डोकावून बघा. मी बघितलं. आतही कंटाळाच मांडी घालून बसला होता. म्हणून माझं आपलं मत असं की, लिहिण्याची हौस नसलेल्यानं विषय आपल्यात शोधू नयेत, दुसऱ्यांच्या तोंडी शोधावेत. यात कमीपणा मानायचं कारण नाही. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात, ते ‘लीळाचरित्र’ असंच जमलं.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी शिष्यांना सोडून निघून गेलेले. विदर्भातल्या रिद्धपूरला (आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे) मागे राहिलेल्यांच्या आठवणीच काय त्या उरलेल्या. म्हाइंभट हा शास्त्र शिकलेला पंडित. मनात आणलं असतं तर संस्कृतात एखादं भारदस्त काव्य रचून मोकळा झाला असता. त्यानं ते केलं नाही. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापुढे बसला आणि विचारत राहिला: स्वामी तिथे काय म्हणाले? कुणाला म्हणाले? मग पुढे काय झालं? त्यांचं सांगून झाल्यावर इतरांकडे गेला. ज्या ज्या गावी स्वामींचा सहवास मिळालेली माणसं होती, त्या गावी जाऊन त्यांना बोलतं केलं. मिळालं ते त्यांच्याच बोलीत उतरवलं. म्हणून त्या पुस्तकात तत्त्वज्ञानाच्या शेजारी जेवणखाण आहे, रुसवेफुगवे आहेत, म्हाताऱ्या बायकांचे भाबडे प्रश्न आहेत.

मला सर्वांत मोठं वाटतं ते पुढचं. एकच प्रसंग दोघांना दोन तऱ्हांनी आठवत असेल, तर दोन्ही पाठ ‘लीळाचरित्रा’त राहिलेले दिसतात, अमक्याच्या सांगण्यात असं, तमक्याच्या सांगण्यात तसं. हौशी लेखक असता तर त्यानं दोन्ही घासूनपुसून एक छानसा प्रसंग बेतला असता. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी ती पाठांतरावरून पुन्हा उभी केली, असं महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे जे ऐकून लिहिलं होतं ते पुन्हा तोंडावर आलं आणि पुन्हा लिहिलं गेलं. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीचा दृष्टांत चक्रधरांनी दिला होता, तो शिष्यांच्या चांगलाच अंगी लागलेला दिसतो.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर हात चालू असताना गाणं येई आणि हवेत जाई. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या आणखी एकानं त्यातली काही वहीत टिपली म्हणून ती १९५२ साली पुस्तकरूपानं आली. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. सोपानदेव स्वतः कवी. पण आईच्या ओळी टिपताना त्यांनी आपलं पेन किती आवरलं असेल, याचा विचार मला त्यांच्या कवितांपेक्षा जास्त वेळा करावासा वाटतो.

बहिणाबाईंसारख्या गाणाऱ्या गावोगाव होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या निघाल्या. आता जातं गेलं, गिरणी आली. पट्ट्याच्या घरघरीत गाणार कोण? पण रांग असते, आणि रांगेत बायका बोलतात.

तेव्हा लेखाची तारीख उलटून गेल्यावर मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत जाऊन बसते. आमच्या गिरणीवाल्या काकांना मुलाखत म्हटलं की घाम फुटतो. ‘काका, दगडाला टाकी कधी लावता?’ एवढंच विचारलं की मात्र ते सुटतात. पीठ गरम यायला लागलं की ओळखायचं, दगड गुळगुळीत झाला. बोटांच्या चिमटीत पीठ धरून जाड-बारीक कसं कळतं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारीच का टाकायची. आषाढी आली की उपवासाच्या भाजणीसाठी अख्खी गिरणी कशी झाडून घ्यावी लागते, आणि तरी एखादी बाई डोळे बारीक करून विचारतेच, ‘आधी काय दळलंत?’ फोन ध्वनिमुद्रणावर टाकून मी तो डब्याच्या झाकणावर ठेवते. घरी येऊन ऐकते, चार वाक्यांतली तीन गाळते, उरलेलं त्यांच्याच शब्दांत ठेवते. गाळणं मला जमतं. कंटाळा असलेल्या माणसाला ते जमतंच.

एक पथ्य मात्र पाळते. लिहिलेलं छापायला देण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवते. काकांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि भारनियमनापाशी थांबवलं. ‘तेव्हा रात्री दोनला उठून दळायचो, हे बरोबर. पण मी एकटा.’

आतून काकू पिठाचे हात झटकत आल्या. ‘एकटे कसे? डबे कोण लावत होतं? आणि दोनला नाही, साडेतीनला. दोनला वीज जायची.’

‘यायची.’

‘जायची.’

बराच वेळ चाललं. रांगेतल्या दोघी काकूंच्या बाजूनं, पोतं घेऊन आलेले एक आजोबा काकांच्या. मी पेन काढलं आणि काकांच्या वाक्याखाली लिहिलं: काकूंच्या सांगण्यात, साडेतीन, आणि दोघंही.