किती भाषा येतात?

नोकरीच्या अर्जात जेवढे रकाने असतात, त्यांत भाषांचा रकाना सर्वांत भोळा म्हटला पाहिजे. जन्मतारखेला दाखला लागतो, पदवीला प्रमाणपत्र लागते, पूर्वीच्या नोकरीला तेथील वरिष्ठांचे पत्र लागते. भाषेला बहुधा काहीच लागत नाही. ‘वाचता येते, लिहिता येते, बोलता येते’ अशी तीन घरे आखलेली असतात. त्यांत बरोबरच्या तीन खुणा केल्या की फ्रेंच भाषा आपली झाली!

भाषांतर व संपादन हा माझा व्यवसाय. पुण्यास बी. ए. होताना जर्मन शिकले आणि त्या शिदोरीवर गेली आठ वर्षे बेंगळुरूस एका कचेरीत काम करीत आहे. भाषांतरकाराच्या जागेसाठी आलेले अर्ज वरिष्ठांकडे जाण्यापूर्वी माझ्या मेजावर येतात. त्यांतील कितीतरी अर्जांत परकीय भाषेपुढे ‘उत्तम’ एवढा एकच शब्द असतो. चौकशी करावी तो कळते की, अकरावी-बारावीस गुण चांगले पडतात म्हणून ती भाषा दोन वर्षे घेतली होती आणि त्यानंतर तिची गाठ पडलेली नाही. अशा उमेदवारापुढे मी एखादे साधे माहितीपत्रक ठेवते. पाणी तापविण्याच्या यंत्राबरोबर येते तसले. शब्दकोशही देते. कोश उघडण्यात लाजण्यासारखे काही नाही. मी स्वतः तो दिवसातून वीस वेळा उघडते. पण वाक्यातले क्रियापद कोठे दडले आहे हेच ज्याला सापडत नाही, त्याला कोश तरी काय करणार? उलट एका गृहस्थांनी लिहिले होते, ‘जर्मन : कोशाच्या साहाय्याने तांत्रिक मजकूर वाचतो, बोलण्याचा सराव नाही.’ त्यांना मी सर्वांच्या आधी बोलाविले. त्यांच्याकडे कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये, हे त्या एका ओळीतच मला कळले होते.

भाषांची यादी पुढे करून आश्रय मागण्याची रीत या शहराला नवी नाही. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने बेंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात, जे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले, या भेटीची हकीकत आहे. जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा कशासाठी, असे विचारता त्याने सांगितले की, आपण बारा भाषांत कविता करतो. संस्कृत, प्राकृत, गुर्जर, पंजाबी, हिंदुस्थानी, ढुंढारी, कर्नाटकी अशा त्या भाषा. आजच्या चार पानी बायोडाटापेक्षा हे किती सुटसुटीत! परंतु दरबार नारळ मोजून स्वस्थ बसला नाही. कवीला समस्या घातल्या गेल्या आणि त्या त्याने तेथल्या तेथे पुऱ्या केल्या. शिवाय ‘कविता करतो’ या दाव्यात नेमके काय करता येते ते आलेच होते. नुसते ‘भाषा येतात’ असे तो म्हणाला नव्हता.

‘येते’ हा शब्द खरोखरच फसवा आहे. मला पोहता येते असे विहिरीत डुंबणारा म्हणतो आणि खाडी पार करणाराही म्हणतो. ही अडचण ओळखून युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या या पायऱ्यांवर अमुक इतके शब्द पाठ असावेत असे सांगितलेले नाही. काय करता यावे ते सांगितले आहे. ए-१ च्या माणसाला आपली ओळख करून देता येते, समोरचा सावकाश बोलला तर साधे प्रश्नोत्तर जमते. बी-१ चा माणूस प्रवासात, ओळखीच्या विषयांत निभावून नेतो. बी-२ ला पोहोचलेल्याशी त्या भाषेच्या लोकांना अवघडल्यावाचून बोलता येते. येथील मॅक्स म्युलर भवन किंवा आलियाँस फ्राँसेज यांच्या परीक्षा याच पायऱ्यांना धरून असतात. जपानीची पद्धत निराळी. तिच्या प्रसिद्ध परीक्षेत एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. पण त्या परीक्षेत बोलावयास लावीत नाहीत, की निबंधही लिहून घेत नाहीत. तेव्हा एन-२ चे प्रमाणपत्र पाहून जपानी पाहुण्यांच्या स्वागतास कोणाला पाठविण्यापूर्वी त्याला चार वाक्ये बोलावयास सांगणे बरे.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीचा अर्ज मी पाहिला. मल्लेश्वरममधले हे कुटुंब चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठी बोलतात, पण दारात येणारे वर्तमानपत्र कन्नड. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते आणि जर्मन ग्राहक असलेल्या एका कंपनीत भाषेसाठी पगाराव्यतिरिक्त वेगळा भत्ता मिळणार होता. मुलगी बी-१ उत्तीर्ण. तिने लिहिले होते, ‘जर्मन : फ्लुएंट.’

“अक्का, सगळेच लिहितात,” ती म्हणाली.

तिचे वडील म्हणाले, “ताई, अर्ज आधी संगणक चाळतो म्हणतात. तो शब्द दिसला नाही तर माणसापर्यंत जायचाच नाही. खरं लिहून पोरगी घरी बसली तर हप्ता कोण भरणार?”

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मी एवढेच विचारले की, उद्या दूरध्वनीवर कोणी जर्मन माणूस भराभर बोलू लागला तर काय? मुलगी गप्प राहिली. मग तिने स्वतःच ओळ बदलली : ‘जर्मन : बी-१, परीक्षेचे वर्ष अमुक, पत्रव्यवहार वाचून उत्तर लिहू शकते, संभाषण सावकाश.’ पहिल्या कंपनीकडून काहीच उत्तर आले नाही. ते त्या ओळीमुळे की आणखी कशामुळे, कोण सांगणार? पण तिचे वडील आठ दिवस माझ्याशी मोजकेच बोलत होते.

त्याच कागदावर मला दुसरी एक गोष्ट खटकली होती. त्यात मराठी नव्हतीच! “ती काय घरची,” ती म्हणाली, “आणि मला वाचता कुठं येते?” मी समोरचे मराठी मासिक तिच्या हाती दिले. शाळेत हिंदी झालेली असल्यामुळे देवनागरी अक्षरे तिला ठाऊक होतीच; अडखळत का होईना, अर्धे पान तिने वाचले आणि तिचे तिलाच नवल वाटले. खेळगड्यांबरोबर शिकलेली तमिळही तिने गाळली होती. या शहरातल्या मुलांचे हे नेहमीचेच. शुल्क भरून शिकलेली तेवढीच भाषा त्यांना भाषा वाटते. २०११ च्या जनगणनेतसुद्धा मातृभाषेखेरीज अवगत असलेल्या दोन भाषा विचारल्या होत्या आणि त्या लिहिता-वाचता आल्याच पाहिजेत अशी अट नव्हती. समजून घेऊन बोलता आले म्हणजे पुरे होते. कन्नड, मराठी, तमिळ या तिन्ही भाषा, ज्या त्या मर्यादेसह, आम्ही लिहिल्या.

दुसऱ्या एका कंपनीने तिला बोलाविले. दहा मिनिटे जर्मनमध्ये प्रश्न विचारले. दोनदा तिने ‘जरा सावकाश बोलाल का’ असे जर्मनमध्येच विनविले. भत्ता अपेक्षेपेक्षा कमी ठरला, पण हप्ता भागतो. या कंपनीचा पुण्याजवळ चाकणला कारखाना आहे. तेथील मंडळींशी दिवसातून दोनदा तरी तिला मराठीत बोलावे लागते. जर्मन पत्रे अजून आठवड्यास चार-पाचच येतात. शनिवारी ती बी-२ च्या वर्गाला जाते.