फिंच, पण कोणते?

आषाढाची झड लागली की कोल्हापुरात भिंतीही घामेजतात. अशा दमट हवेत नवा पक्षी घरी आणायला नको. आणणं दिवाळीपर्यंत थांबेल, निवड मात्र आत्ताच करतोय.

मन ओढ घेतं ते लाल मुनियाकडे. पण आपल्या रानातल्या मुनिया पकडणं, विकणं आणि पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. बाजारात कुणी रंग फासलेली मुनिया ‘परदेशी’ म्हणून पुढे करतं, तिच्या वाटेला जायचंच नाही. गोल्डियन फिंच दिसायला देखणा, पण नाजूक; नवख्याच्या हाती तो जीव नको.

राहिले झेब्रा आणि बंगाली फिंच. झेब्रा मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथून पक्ष्यांची व्यापारी निर्यात 1960 पासून बंद आहे, म्हणजे इथे मिळतात ते पिंजऱ्यातच वाढलेले. वजन जेमतेम 12 ग्रॅम, खाणं राळ्यासारखं बारीक धान्य, जोडीला समुद्रफेस. दिवसभर खेळण्यातल्या भोंग्यासारखे पिपाणतात, हेही खरं. बंगाली जास्त शांत.

तरी माझं मत झेब्रालाच. पिंजरा उंच नको, लांब हवा. ते आडवे उडतात. एकटा ठेवायचा नाही. मग जोडी? घरटं लावून दिलं की मादी अंड्यांमागून अंडी घालत राहते आणि झिजते. त्यापेक्षा केशरी गालांचे दोन नर बरे. पिल्लं वाटत गल्लीभर फिरायची हौस मला नाही.