‘म्हात्रे’चं ‘माते’

मंडळाच्या गणेशोत्सव अहवालात आमच्या आळीतल्या म्हात्र्यांचं आडनाव ‘माते’ छापून आलं. चूक छापखान्याची नव्हती, माझी होती.

मी पनवेलला घरून डीटीपीची कामं करते. जुलैच्या पावसात लॅपटॉपचं एंटर बटण गेलं. वर्गणीदारांच्या यादीत दर नावाला एंटर लागतं, म्हणून लिनक्सवर ‘कीडी’ बसवलं. कुठलं बटण दाबलं की काय उमटावं, हे त्यात ठरवता येतं. कॅप्सलॉकचं एंटर केलं, काम झालं. तिथेच थांबायचं होतं. पण कंट्रोलसाठी ताणून करंगळी दुखायची, तेव्हा कुणाच्या तरी कीडीच्या सेटिंगच्या फाइलमधली ओळ उचलली: ‘डी’ चटकन सोडलं तर डी, धरून ठेवलं तर कंट्रोल. इंग्रजीत दोन शब्द सावकाश टाइप करून पाहिले आणि कॉम्प्युटर सुरू होताच कीडीही सुरू होईल असं करून ठेवलं.

मी मराठी इनस्क्रिप्ट मांडणीत टाइप करते; तिच्यात डीवर हलन्त, म्हणजे जोडाक्षर करणारा पाय मोडण्याचा, असतो. वेगात टाइप करताना डीवरचं बोट उचलायच्या आत पुढचं बटण दाबलं जातं आणि कीडीला तो कंट्रोल वाटतो. ‘म्ह’मधला ह यूवर, म्हणून कंट्रोल-यू: अधोरेखन. ‘त्र’मधला र जेवर, म्हणून कंट्रोल-जे. दोन्ही अक्षरं गळाली, उरलं ‘माते’. ‘वर्गणी’ची झाली ‘वरणी’, तीही अर्धी तिरकी. ‘प्रसन्न’मध्ये कंट्रोल-व्हीने आधी कॉपी केलेली ओळ घुसली. घरत आणि पाटील तेवढे वाचले, त्यांच्यात जोडाक्षरच नाही.

मला वाटलं, कीबोर्डात पाणी गेलं. यूएसबी कीबोर्ड लावला, तरी तेच. फाइलमध्ये ‘आयडीज’खाली मी फुली टाकली होती, म्हणजे जोडलेले सगळे कीबोर्ड. ते लक्षातच आलं नाही. छपाईची घाई होती. सगळा मजकूर निवडून फॉरमॅटिंग पुसलं, घुसलेल्या ओळी काढल्या आणि यादी मूळ पावत्यांशी ताडून न बघता पाठवली. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

म्हात्रे काकूंनी काकांच्या स्मरणार्थ देणगी दिली होती. अहवाल घेऊन आल्या, नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे आमचंच का गं?” मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री कीडीची माहिती पहिल्यांदा नीट वाचली. बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबले की ते बंद पडतं. दाबले, काही झालं नाही. लॅपटॉपचं एंटर तर मेलेलंच. यूएसबी कीबोर्डवर दाबल्यावर बंद झालं, पण लॅपटॉप पुन्हा सुरू करताच परत हजर.

आता फुलीच्या जागी फक्त लॅपटॉपच्या कीबोर्डाचा क्रमांक आहे, डीची ओळ काढली आहे. काकूंचं पान नव्याने छापून मी घरी नेऊन दिलं. तुम्ही कीडी बसवणार असाल तर पहिले काही दिवस ते हाताने सुरू करा, सुटकेची तीन बटणं आधी दाबून बघा, आणि ‘म्हात्रे’ नेहमीच्या वेगात दहा वेळा टाइप करा.