सूर्य येईपर्यंत

आमच्या नगरच्या घरात पत्त्यांचा कॅट नव्हता. मे महिन्यात आते-मामेभावंडं जमली की कॅरम, व्यापार, सापशिडी सगळं चाले. पण बदाम सात खेळायचं तर शेजाऱ्यांच्या ओट्यावर जावं लागे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. पत्त्यांमागून तंबाखू येते, तंबाखूमागून दारू आणि दारूमागून कर्ज, हा क्रम त्यांनी आम्हाला दहा आज्ञांच्या खालोखाल पाठ करायला लावला होता.

आज माझ्या टेबलाच्या खालच्या खणात टॅरोचा ७८ पानांचा कॅट आहे. त्याला लागूनच आईची वचनांची डबी आहे. दोन्ही एकाच खणात ठेवावीत की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी वरच्या खणाचं कुलूप बिघडलं आणि प्रश्न आपोआप सुटला.

डबीबद्दल आधी सांगते. पत्र्याची, तळहाताएवढी, झाकणावर खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. आत कागदाच्या बारीक सुरळ्या, मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या दाटीने रचलेल्या. सोबत एक पितळी चिमटा. सकाळची प्रार्थना झाली की चहाआधी प्रत्येकाने एक सुरळी उपसायची, उलगडून मोठ्याने वाचायची आणि परत वळून जागेवर ठेवायची. पुष्कळ ख्रिस्ती घरांत अशी डबी असते, प्रॉमिस बॉक्स म्हणतात तिला. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेतही पुढच्या वर्षासाठी वचनाचं एकेक कार्ड काढायची चाल अनेक मंडळ्यांत आहे. ते कार्ड मग वर्षभर बायबलात नाही तर फ्रिजवर राहतं.

माळीवाड्याच्या स्टँडबाहेर पोपटवाला बसायचा. पोपट पिंजऱ्यातून तुरुतुरु बाहेर यायचा, चोचीने एक पाकीट ओढायचा आणि एक दाणा खाऊन परत आत जायचा. यात आणि आपल्या चिमट्यात फरक काय, असा प्रश्न मला आठवीत पडला. आईला विचारला. आई म्हणाली, "पोपटवाला पैसे घेतो."

दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्या चिमट्याला जे वचन लागलं त्यात देव म्हाताऱ्या माणसांना केस पिकेपर्यंत उचलून नेणार होता. आईने सुरळी माझ्या हातून घेतली. "ही पपांची आहे, चुकून तुझ्या हाती आली. दुसरी काढ." मी दुसरी काढली. तिच्यात यश होतं. ती दुसरी सुरळी मी पुढे कितीतरी वर्षं विसरून गेले होते.

कॅट मला बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेताना मिळाला. शेजारच्या काउंटरवरची एक मुलगी नोकरी सोडून टॅरो रीडर व्हायच्या विचारात होती. तिने निरोपाला तो भेट दिला आणि वर म्हणाली, "मॅडम, तुम्ही ख्रिश्चन आहात ना, तुम्हाला चित्रं जवळची वाटतील." मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतेय. पण घरी येऊन पानं पलंगावर पसरली आणि थक्क झाले. एका पानावर देवदूत तुतारी फुंकतोय, तुतारीला लाल क्रुसाचं निशाण आहे आणि खाली शवपेट्यांतून माणसं हात पसरून उठताहेत. दुसऱ्यावर एदेन बाग, साप झाडाला विळखा घालून. जगाच्या पानाच्या चार कोपऱ्यांत माणूस, गरुड, बैल आणि सिंह: यहेज्केलाच्या दर्शनातले, प्रकटीकरणातले, चार शुभवर्तमानकारांची चिन्हं म्हणून चर्चच्या खिडक्यांवर बसलेले तेच चौघे. संडे स्कूलमध्ये बाई फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून गोष्ट सांगायच्या, तशी ही चित्रं माझ्यापुढे गोष्टीवाचून पडली होती.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात नवल काहीच नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत खेळायसाठी निघाले, आणि ज्यांनी ते रंगवले त्यांच्या डोळ्यांसमोर चर्चच्या भिंती होत्या. पत्ते म्हणजे प्राचीन मिसरचं गुप्त ज्ञान, ही हूल कूर दे जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७८१ मध्ये उठवली, तीही मिसरची चित्रलिपी कुणाला वाचता येण्याच्या कितीतरी आधी. माझ्याजवळचा कॅट १९०९ चा, लंडनचा. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये ही पामेला कॅथलिक झाली. पुढे कॉर्नवॉलमध्ये तिने धर्मगुरूंच्या विश्रांतीसाठी घर चालवलं आणि १९५१ साली ती कर्जातच गेली. कर्जाचं वाचून आजोबा आठवले.

एका पानाबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. नाण्यांची पंजी. बर्फ पडतंय. एक बाई फाटकी शाल ओढून अनवाणी चालली आहे, मागे कुबड्यांवर एक माणूस, गळ्यात घंटा. त्यांच्या डोक्यावर चर्चची रंगीत काचांची खिडकी आतल्या दिव्यांनी उजळलेली. दोघांचंही तिकडे लक्ष नाही. मी ते पान डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ एक गोष्ट शोधत होते. चित्रात दार नाही. भिंत आहे, खिडकी आहे, उजेड आहे. आत जायला दार कुठेच काढलेलं नाही.

तेव्हा आई जाऊन सात महिने झाले होते आणि सात महिन्यांत मी चर्चला गेले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. अंत्यविधीनंतर भेटेल तो म्हणत होता, देवाने एक फूल आपल्या बागेसाठी खुडलं. शेवटच्या तीन आठवड्यांत आईचं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. ते फूल खुडणं नव्हतं. डबी उघडली तर तिच्यातही मला बोलायला कुणी नव्हतं. त्या डबीत ईयोब नाही. अंधारात सुरू होऊन अंधारातच संपणारं ८८ वं स्तोत्र नाही. विलापगीत आहे, पण त्यातली दयेबद्दलची तेवढी वचनं वेचून घेतलेली. जळालेलं शहर डबीबाहेर राहिलं. शास्त्रात सगळं आहे हो, पण डबी ज्याने भरली त्याने आम्हाला दुःख झेपणार नाही असं धरून भरली. पत्त्यांच्या कॅटात पडणारा मनोरा आहे, घोड्यावरचा मृत्यू आहे, रात्री उठून बसून तोंड झाकून घेतलेली बाई आहे. त्या बाईशी माझं जमलं. सकाळी काढलेल्या पानात पंजी आली त्या रविवारी मी चर्चला गेले, मागच्या बाकावर बसले.

आमचे पाळकसाहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. ते घरी आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ते हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा अठरावा अध्याय त्यांनी काढायच्या आधीच मी म्हटलं, तो मला पाठ आहे. शकुन पाहणारे, चेटूक करणारे, मृतांना विचारणारे, सगळे त्यात येतात. पण यहूदाच्या जागी बारावा प्रेषित नेमताना अकरा जणांनी काय केलं? चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं.

"बरोबर," ते म्हणाले. "तो पहिला अध्याय. दुसऱ्यात पवित्र आत्मा उतरतो. आता मावशी, कृत्यांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचा आणि त्यानंतर कुणी एकदा तरी चिठ्ठी टाकली का ते मला सांगा."

मी वाचलं. कुणीही टाकलेली नाही. हा मुद्दा मला अजून टोचतो.

वाद तिथेच सोडवेना म्हणून मी आपल्या बाजूचे साक्षीदार गोळा करू लागले, आणि ते एकेक करून उलटतपासणीत फुटत गेले. संत ऑगस्टिन: ३८६ साली मिलानच्या बागेत पोरासोरांसारखा आवाज ऐकून त्याने पौलाचं पुस्तक उघडलं आणि जिथे नजर पडली त्या ओळींनी त्याचं आयुष्य फिरलं. पण हाच ऑगस्टिन पुढे एका पत्रात लिहितो की प्रपंचाच्या कामांसाठी शुभवर्तमानाची पानं उलटून कौल घेणारे मला आवडत नाहीत. भुतांना विचारण्यापेक्षा ते बरं, इतकंच. ४६५ च्या सुमारास व्हानच्या धर्मसभेने पाद्र्यांना शास्त्रातून असे शकुन काढायला बंदी घातली, आणि पुढच्या शतकातल्या सभांना ती पुन्हा घालावी लागली. म्हणजे पाद्री काही ऐकत नव्हते. मग जर्मनीतल्या हर्नहूटचे मोरेव्हियन. त्यांचा पुढारी झिन्झेनडोर्फ याने १७२८ मध्ये मंडळीला रोजचं एक वचन द्यायला सुरुवात केली. त्याचं पुस्तक १७३१ पासून आजतागायत दरवर्षी निघतं आणि त्यातली जुन्या करारातली वचनं अजूनही चिठ्ठ्या काढूनच ठरतात. मला वाटलं, मिळाला माझा माणूस! पुढे वाचलं तर हीच मंडळी एके काळी लग्नंही चिठ्ठीने ठरवत असत. तिथे मी पुस्तक मिटलं.

उलट बाजूचेही साक्षीदार आहेत. एंजल कार्डांवर जिने नाव आणि पैसा कमावला त्या डोरीन व्हर्च्यूने २०१७ मध्ये ख्रिस्ताला स्वीकारलं आणि आपलीच कार्डं फेकून द्या असं लोकांना सांगू लागली. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण एंजल कार्डं मी हाताळली आहेत; त्यांत घाबरवणारं पान शोधून सापडत नाही. सगळे देवदूत गुलाबी आणि तुमच्याच बाजूचे. आईच्या डबीची ती सख्खी बहीण.

माझा नियम साधा होता. पुढचं विचारायचं नाही, दुसऱ्याबद्दल विचारायचं नाही. सकाळी एक पान, ते पाहून मनात जे वर येईल ते देवापुढे मांडायचं, मग स्तोत्र. दोन वर्षं हे नीट चाललं. पाळकसाहेबांना मी ऐटीत सांगत असे की माझ्यासाठी हा आरसा आहे, दुर्बीण नव्हे.

मग यांच्या मानेत गाठ निघाली. बायोप्सीचा रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. बुधवारी रात्री हे झोपल्यावर मी खण उघडला. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ओट्यावर पानं पिसली आणि जे विचारायचं नाही ते विचारलं. निघाली तलवारींची दश्शी: पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी ओळीने खोवलेल्या. मी ते पान कॅटात घातलं. पिसले नीट नसतील, असं स्वतःला सांगितलं. पुन्हा काढलं. पेल्यांची पंजी: काळ्या झग्यातला माणूस, पुढे तीन पेले सांडलेले. परत पिसले, या वेळी सात वेळा, मोजून. सूर्य निघाला. पांढऱ्या घोड्यावर बाळ, मागे सूर्यफुलं. मी कॅट बंद केला, ओटा पुसला, आणि मला झोप लागली.

सकाळी चहाला आधण ठेवताना ते सगळं डोळ्यांसमोर आलं आणि अंगावर काटा आला. सैतानाच्या भीतीने नव्हे. ओट्यापाशी काल मीच होते. देवाने शुक्रवारपर्यंत थांब म्हटलं होतं आणि मला बुधवार निभत नव्हता, म्हणून मी पानाकडून हवं ते वदवून घेतलं. आणि मग दहावीच्या निकालाची ती दुसरी सुरळीही आठवली.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला अठ्ठाविसावा अध्याय मी त्या दिवशी वाचला. शौल राजाने देशातले सगळे भूतविचारे आधी स्वतःच हाकलले होते. पुढे पलिष्टी समोर उभे ठाकले, त्याने देवाला विचारलं, आणि देव गप्प राहिला. स्वप्नातून नाही, याजकाच्या उरीम या कौलातून नाही, संदेष्ट्यातून नाही. तेव्हा तो वेष पालटून रात्री एन-दोरच्या एका भूतविचाऱ्या बाईकडे गेला. या गोष्टीवर मी आयुष्यभर प्रवचनं ऐकली, सगळी बाईच्या पापावर. शेवटाकडे कुणी जात नाही. उद्या मरणार हे ऐकून राजा जमिनीवर आडवा होतो, दिवसभर पोटात अन्न नसतं, आणि तीच बाई त्याला आग्रह करकरून उठवते, घरातलं पोसलेलं वासरू कापते, भाकरी भाजते आणि त्याला जेवू घालते. त्या अख्ख्या रात्रीत त्याच्याशी मायेने वागलेलं एवढंच एक माणूस. मनाई चूक होती असं मी म्हणत नाही. पण अध्याय लिहिणाऱ्याने ती भाकरी गाळली नाही, हे मी धरून ठेवलं आहे.

शुक्रवारी रिपोर्ट आला. तो काय होता हे मी इथे सांगणार नाही. सांगितलं की वाचणारा लगेच हिशेब मांडणार, तीनपैकी कोणतं पान खरं निघालं.

पानं मी जाळली नाहीत. इफिसकरांनी आपली जादूची पुस्तकं जाळली तेव्हा त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली, असं शास्त्रात आकड्यासकट दिलं आहे. माझा कॅट भेटीचा आणि कोपरे झिजलेला. सकाळी एक पान अजून काढते. आजारपण घरात असतं त्या दिवसांत खण उघडत नाही. यावर पाळकसाहेब म्हणतात, "मावशी, ज्या दिवशी हात लावायची भीती वाटते, त्याच दिवशी ती वस्तू काय आहे ते कळतं." मी त्यांना एकतीस डिसेंबरच्या कार्डांबद्दल विचारते. ते म्हणतात, ते पंचकमिटीला विचारा.

गेल्या महिन्यात मुलीचा टोरांटोहून फोन आला. दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती. "आई, माझ्यासाठी एक पान काढ ना."

"दुसऱ्यासाठी मी काढत नाही. प्रार्थना करते."

"ती तर तू करतेसच गं." जरा वेळ तिकडून काहीच आलं नाही. "मग आजीच्या डबीतलं काढ."

याला नाही म्हणायला मला काही सुचलं नाही. फोन स्पीकरवर टाकला, चिमटा घेतला, कडेची एक सुरळी उपसली. कागद पिवळा पडून कडक झाला होता. उलगडताना घडीवर चिरला. शाई उडून गेलेली. चष्मा लावला, खिडकीशी नेऊन पाहिलं. एक 'परमेश्वर' तेवढा लागत होता, पुढचं काही नाही.

"काय आलं?"

"स्तोत्रसंहिता आहे काहीतरी. अक्षर लागत नाहीये."

"पण चांगलं आहे ना?"

"चांगलंच असणार," मी म्हटलं. "आजीची डबी आहे."