दादा, रविवारी खोलीत बसू नकोस

आमच्या घरात ‘प्रवास’ या शब्दाला फार दिवस तीनच अर्थ होते : ऊसतोडीला जाणे, लग्नाला जाणे, नाहीतर दवाखान्यात जाणे. नुसते पाहण्यासाठी म्हणून कोणी कोठे गेले, असे आमच्या घराण्यात घडलेले नाही. त्यामुळे माझा थोरला भाऊ कारखान्यात काम शिकण्यासाठी तीन वर्षांच्या मुदतीवर जपानमधील ओसाका शहरी गेला, तरी तो ‘कामाला गेला’ एवढेच सर्वांनी धरले. त्यानेही तेच धरले. “रविवारी काय करतोस?” असे फोनवर विचारले, की त्याचे उत्तर ठरलेले : “झोपतो. बाहेर पडले की पैसे जातात.”

त्या वाचवलेल्या पैशांतूनच माझी फी भरली जाते. म्हणून त्याला फिरण्याचा सल्ला मी देऊ नये, असे आई म्हणते. तरीही मी तो देणार आहे. ग्रंथालयात आणि मोबाइलवर जे जे वाचले, ते त्यालाच उद्देशून येथे लिहिते.

दादा, पहिल्या रविवारी लांब जाऊ नकोस. शहरात ‘कांजो-सेन’ ही गोल फिरणारी लोकल आहे. 19 स्थानके आणि पूर्ण फेरीला सुमारे 40 मिनिटे. खिडकीशी बसून एक फेरी पुरी कर, म्हणजे शहर डोक्यात बसेल. मग तेन्नोजीला उतरून शितेन्नोजी मंदिरापर्यंत चालत जा. ते इ. स. 593 मध्ये स्थापन झाले. इमारती पुन्हा पुन्हा उभारलेल्या आहेत, पण जागा तीच. तिकिटासाठी ‘इकोका’ नावाचे कार्ड घे. ओसाकाच्या बोलीत ‘इको का’ म्हणजे ‘जाऊ या का?’ कार्डाचे नावच तुला आग्रह करते आहे!

परदेशी माणसाला जपान रेल पास मिळतो, असे कोणी सांगेल. तो थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी असतो. तू निवासी परवान्यावर आहेस, तुला तो मिळणार नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. ‘सेइशुन जूहाची किप्पु’, म्हणजे ‘तारुण्य अठरा तिकीट’, तुला चालेल. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही. 1982 पासून ते शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्यांच्या दिवसांत विकले जाते. 2024 च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन किंवा पाच दिवस वापरावे लागते. त्यावर शिंकान्सेनमध्ये बसता येत नाही, साध्या गाड्यांतच बसता येते. पण आपण तरी पॅसेंजरनेच वाढलो ना? माणसे दिसतात ती प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीतच.

नारा हे गाव ओसाकाहून तासाभराच्या आत आहे. तेथील तोदाई-जी मंदिरात सुमारे 15 मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. 752 साली तिचे डोळे रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला. तो 736 साली समुद्रमार्गे जपानला पोचला होता. म्हणजे आपल्या देशातून तिकडे गेलेला तू काही पहिला नव्हेस.

आणि कोयासानला गेल्याशिवाय परत येऊ नकोस. नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जायचे, पुढे केबल कारने डोंगर चढायचा. तेथील विद्यापीठात 2015 साली बाबासाहेबांचा पुतळा उभारला आहे. ज्यांच्यामुळे माझ्यासारखी मुलगी कॉलेजची पायरी चढली, त्यांना माझ्याही वतीने हात जोड.

आता लहानसहान गोष्टी. निवासपत्र नेहमी खिशात ठेव, तेथला तसा कायदा आहे. सरकत्या जिन्यावर ओसाकात लोक उजवीकडे उभे राहतात, टोकियोत डावीकडे. गाडीत फोनवर बोलत नाहीत; आईचा फोन आला तर खाली उतरून मग बोल. रस्ता चुकलास तर ‘कोबान’ म्हणजे चौकातली छोटी पोलीस चौकी शोध. तेथे लोक पत्ता विचारायला सहज जातात. पोलीस दिसला की वाट बदलायची आपली सवय तेथे सोडून दे. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते, ती चुकवू नकोस. टॅक्सी परवडणार नाही.

पैसे जातील, हे आईचे म्हणणे खरे आहे. पण तू परत येशील तेव्हा सारे गाव विचारील, “किती साठवलेस?” आणि “काय पाहिलेस?” असे विचारणारी मी एकटीच असेन. तुझ्या घामावर मला पुस्तकांतून जग दिसू लागले आहे. शिकणाऱ्याने जग पाहावे आणि कमावणाऱ्याने फक्त भिंत पाहावी, ही वाटणी मला मान्य नाही. पुढच्या महिन्यापासून थोडे पैसे कमी पाठव. परीक्षेच्या फीसाठी मी दोन शिकवण्या धरल्या आहेत.