मध्यंतर

मराठी माणसाची आणि इंटरव्हलची पहिली ओळख बटाटेवड्याच्या वासातून होते. अंकाचा पडदा पडतो, दिवे लागतात, आणि इतका वेळ नायिकेच्या दुःखानं ज्याला हुंदका आवरत नव्हता तोच गृहस्थ सर्वांच्या आधी वड्याच्या रांगेत सापडतो. हाच शब्द पन्नाशीनंतर माझ्या छातीवर येऊन बसेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

सुरुवात डॉक्टरांनी केली. त्यांनी वजनाच्या काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बँकेत बसूनच काम असतं ना?" त्या प्रश्नातला 'बसूनच' मला लागला. दुसऱ्या दिवसापासून मी पळू लागलो.

बुलढाणा तसं पळायला सोयीचं गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसल्यामुळे घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा हवा थंड. राजूर घाटाकडे पावसाळ्यात धुकं उतरतं, त्यामुळे आपण पळतोय की चालतोय हे ओळखीच्यांना दिसत नाही. घाटात माझा एक नियम होता : उतार लागला की मी धावपटू आणि चढ लागला की निसर्गप्रेमी.

दोन वर्षं असं चाललं. दहा किलोमीटरला अडुसष्ट मिनिटं. पहिल्या वर्षी अडुसष्ट, दुसऱ्या वर्षीही अडुसष्ट. आमच्या बँकेचा व्याजदरसुद्धा इतका स्थिर नसतो. मला तासाच्या आत यायचं होतं. का, ते विचारू नका. हिनं विचारलं होतं. "आठ मिनिटं आधी घरी येऊन करणार काय?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

शेवटी पुण्याच्या भाच्यानं सल्ला दिला. "मामा, तुम्ही रोज एकाच वेगानं पळता. शरीराला त्याची सवय झाली. ट्रॅकवर जा. चारशे मीटर जोरात, मग दोनशे मीटर हळूहळू दम घेत. असे आठ इंटरव्हल मारा." पुण्यात इंटरव्हलसुद्धा मारतात.

पहाटे पाचला ग्राउंडवर गेलो तर तिथे जत्रा. सगळी पोलीस भरतीची पोरं. त्यांना एकमेकांची नावं नसतातच, गावं असतात. "ए चिखली, बाजूला हो!" "मेहकर, तुझं टायमिंग काय?" मोताळ्याच्या एका काटकुळ्या पोरानं मला विचारलं, "काका, तुमची कोणती भरती?"

"माझी ओहोटी," मी म्हटलं.

पहिला राऊंड मी एक मिनिट चाळीस सेकंदांत मारला. दुसरा दोन मिनिटांत. तिसऱ्याला पावणेतीन लागली. चौथा गोळाफेकीच्या वाळूत बसून काढला. मोताळा पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, लोणार केलं तुमी."

याचा खुलासा केला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात आजवर सर्वांत वेगानं आलेला पाहुणा म्हणजे लोणारची उल्का. ती अशी आली की जमिनीला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. तिथलं सरोवर बघायला जगभरातून लोक येतात, पण बिचाऱ्या उल्केचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. पहिल्याच राऊंडला सगळा जोर संपवणाऱ्याला आमच्या ग्राउंडवर तेव्हापासून 'लोणार करणं' म्हणतात. मराठी भाषेला माझी एवढीच देणगी.

बँकेतला माणूस पडला की पुस्तक उघडतो. वाचताना कळलं की ही भानगड बरीच जुनी आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि राइन्डेल नावाचे हृदयाचे डॉक्टर यांनी ती शास्त्रशुद्ध बसवली. नाडी मिनिटाला १८० पर्यंत चढेल इतकं पळवायचं, १२० वर उतरेपर्यंत दम घ्यायचा, पुन्हा पळवायचं. त्यांचा हार्बिग हा शिष्य १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळाला आणि तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या झाटोपेकनं चारशे मीटरचे ढीगभर राऊंड मारून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. पण मला सर्वांत आवडलं ते गेर्शलर आणि राइन्डेल यांचं म्हणणं : हृदय बळकट होतं ते पळताना नव्हे, मधल्या विश्रांतीत. आयुष्यभर माझं हेच मत होतं, फक्त त्याला जर्मन आधार नव्हता.

हे ज्ञान मी ग्राउंडवर नेलं. पोरं रोज उठून सोळाशे मीटर जीव तोडून पळायची, खाली पडायची आणि घरी जायची. दुसऱ्या दिवशी तेच. मी शिट्टी आणि स्टॉपवॉच आणलं. चिखलीनं टेप आणून ट्रॅक मोजला, तर आमचा चारशेचा राऊंड तीनशे सत्तर मीटर निघाला. एका सकाळीत माझे सगळे विक्रम बुडाले. "काका, तुमचं चालून जाते," मोताळा चुना टाकता टाकता म्हणाला, "आमाले तिथं पुरे सोळाशेच पयाले लावतात."

तिथं म्हणजे भरतीत. शारीरिक चाचणी पन्नास गुणांची, त्यातले वीस पुरुषांच्या सोळाशे मीटरला. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर वीसपैकी वीस, पुढे गुण गळत जातात. म्हणजे दर राऊंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. माझा एक राऊंड होईपर्यंत त्यांचे जवळजवळ पावणेदोन.

मोताळ्याला पाच एकतीस लागत. तो रात्रभर भाजी मार्केटात पोती उतरवून थेट ग्राउंडवर यायचा. राऊंड झाला की मी शिट्टी मारायचो, "दोन मिनिटं दम घे." तो थांबायचाच नाही.

"दम घ्याले येळ कुठं हाय काका? पुढच्या भरतीले वय निघून जाईन."

यावर जर्मनांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मी नुसतं स्टॉपवॉच त्याच्यासमोर धरलं. "तू थांबल्याशिवाय हे चालू होणार नाही." तो थांबला. मला वाटतं, चोवीस तासांत तेवढीच दोन मिनिटं तो रिकामा बसत असेल. चार महिन्यांत पाच एकतीसचे पाच चौदा झाले.

त्या पोरांचा देव म्हणजे बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. हे सांगताना मोताळा चुटकी वाजवायचा. मग म्हणायचा, "चुटकीले बी याच्याहून जास्त येळ लागते."

एका रविवारी पुण्याच्या शर्यतीत मी दहा किलोमीटर पळालो. एकोणसाठ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद! तासाच्या आत, दोन सेकंदांनी. घरी फोन केला, भाच्याला मिठी मारली, गळ्यातलं पदक जेवतानासुद्धा काढलं नाही.

त्याच आठवड्यात मोताळ्याचं ग्राउंड झालं. संध्याकाळी फोन आला.

"काका, पाच बारा."

मी काहीच बोललो नाही. पाच बारा म्हणजे तो आजवर पळाला त्यातलं सर्वांत उत्तम टायमिंग. आणि दोन सेकंद जास्त. त्याच्या वेगानं दहा मीटर. आमच्या ओसरीपासून फाटकापर्यंतचं अंतर. माझ्याजवळ बरोबर दोन सेकंद शिल्लक होते आणि ते जगात कुणाच्याही उपयोगाचे नव्हते. बँकेत आयुष्य गेलं, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काय काय वळतं केलं. पण एवढी एक रक्कम वळती करता आली नाही. पदक मी कपाटात ठेवून दिलं.

"काका, आयकता ना?" तिकडून आवाज आला. "लेखी बाकी हाय. गेलेले मार्क तिथं काढीन. पन ते वेळ-अंतर-वेगाचं गणित काही जमत नाही. तुमी शिकवसान का?"

आता तो रोज संध्याकाळी वही घेऊन ओसरीवर येतो. पुस्तकातल्या दोन आगगाड्या समोरासमोर सुटतात आणि आम्ही त्यांची टक्कर टाळतो. चाळीस मिनिटं झाली की मी शिट्टी मारतो. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं मान वर केली नाही. तेवढ्यात आतून ही बटाटेवड्यांची ताटली घेऊन आली.

त्या दिवशी त्यानं इंटरव्हल पुरता घेतला. मी वेळ लावली नाही.